इंदूरच्या गच्चीवरचे ब्रोमेलियाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेली काही वर्षं प्लास्टिकच्या डब्या लुटणं बंद केलंय आणि वाण म्हणून ब्रोमेलियाडचं एकेक पिल्लू, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारं छोटं रोप, देते. त्याचा परिणाम असा, की फेब्रुवारीपासून माझा फोन वाजायला लागतो. "अहो, मधोमध पाणी साठलंय, ओतून टाकू का?" इथपासून ते "फूल आलं आणि झाडच गेलं हो" इथपर्यंत. तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवतेय. सुदामा नगरातली तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, दुपारचं पश्चिमेचं ऊन, बोअरिंगचं पाणी आणि अकरा वर्षांत हातून मेलेली बरीच झाडं, एवढ्या भांडवलावर हे लिहिलंय. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी उन्हाळ्याचा भाग सोडून दिला तरी चालेल. त्यांच्याकडे हे झाड न बघताही वाढतं.

ब्रोमेलियाड म्हणजे नक्की कुठलं झाड?

तुम्ही खाल्लेलं आहे. अननस हा या कुळाचा सगळ्यात प्रसिद्ध सदस्य. कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातल्या, फक्त एक पिटकेर्निया फेलिसियाना तेवढी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत सापडते. ती तिकडे कशी गेली, यावर विचार करत बसायला मला फार आवडतं. कोलंबसाने १४९३ साली ग्वाडलूप बेटावर अननस पाहिला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. 'अननस' हा शब्दही त्यांच्याबरोबरच आला, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतला. म्हणजे लग्नात अननसाचा शिरा वाढतात तेव्हा आपण ब्रोमेलियाडच वाढत असतो. कुळाचं नाव मात्र ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याच्या आणि वनस्पतीतज्ज्ञाच्या आडनावावरून पडलंय.

झाडावर वाढतं म्हणजे ते बांडगूळ का?

नाही. बांडगूळ दुसऱ्या झाडात मुळं घुसवून त्याचा रस पितं. ब्रोमेलियाडच्या बऱ्याच जाती फांदीवर नुसत्या बसतात. मुळांचं मुख्य काम घट्ट धरून ठेवायचं. पाणी आणि अन्न पानांवाटे येतं. यजमानाच्या घरी राहून स्वतःचा डबा आणणारा पाहुणा म्हणा.

पहिलं झाड कुठलं घेऊ?

बिलबर्गिया. दिसायला ते काही फार देखणं नाही आणि फूल जेमतेम आठ-दहा दिवस टिकतं, पण त्याला मारणं अवघड आहे आणि पिल्लं भरभरून येतात. त्यानंतर निओरेगेलिया. रंग पानांतच असल्यामुळे फुलाची वाट बघावी लागत नाही. छोटी 'फायरबॉल' जात टांगत्या कुंडीत लावली की लांब दांड्यांवर पिल्लं सोडत खाली लोंबते. तिसरी एक्मिया फॅसिआटा, चंदेरी पट्ट्यांच्या पानांची आणि गुलाबी तुऱ्याची. तिच्या पानांच्या कडेला काटे असतात, तेवढं लहान मुलांच्या घरात बघून ठेवा.

दुकानात जी लाल-केशरी तुऱ्याची, गुळगुळीत हिरव्या पानांची सुंदरी असते ती ग्युझमानिया. सगळे तीच घेऊन येतात आणि इंदुरात सगळ्यात आधी तीच रुसते. कारण खाली उन्हाळ्याच्या प्रश्नात आहे.

फुललेलं झाड आणलं, पाच-सहा महिन्यांत वाळायला लागलं. माझं काय चुकलं?

काहीही नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणारीचा आवाज दर वेळी अपराधी असतो.

ब्रोमेलियाडचा एक झुपका सहसा आयुष्यात एकदाच फुलतो. नवीन पानं ज्या कोंबातून यायची तोच कोंब फुलाचा दांडा होऊन बाहेर येतो, त्यामुळे पुढे पान फुटायला जागाच उरत नाही. आपली केळ आठवा. घड दिला की ती संपते आणि बुडाशी मुनवे उभे असतात. इथेही तसंच. फरक एवढाच की ब्रोमेलियाडची आई सावकाश जाते, वर्ष-दीड वर्षही घेते, आणि तेवढ्या काळात स्वतःच्या पानांतलं सगळं पिल्लांना देते. म्हणून फूल सुकलं की फक्त फुलाचा दांडा कापा. झाड उपटून टाकू नका. खालची पानं पिवळी पडली तर पडू द्या.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. विक्रीला येणारी ग्युझमानिया बहुतेक वेळा औषध देऊन, ठरवून फुलवलेली असते. तुम्ही ती घरी आणता तेव्हा तिचं अर्धं आयुष्य होऊन गेलेलं असतं. जो लाल रंग आपण फूल समजतो तीही फुलाजवळची रंगीत पानंच आहेत. खरी फुलं पिवळी किंवा पांढरी, इवलीशी, त्यांच्या आडून डोकावतात आणि चटकन जातात. रंगीत पानं मात्र तीन-चार महिने राहतात, म्हणून तर ती भेट द्यायला चालते.

एकदाच फुलणाऱ्यांत याच कुळातली पुया रायमोंडी सगळ्यांची आजी. पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात ती ऐंशी-शंभर वर्षं वाढते, मग दहा मीटरच्या आसपास उंच तुरा काढते आणि मरते. त्यापुढे आपली पाच महिन्यांची कुरकुर काहीच नाही.

पाणी कुंडीत घालायचं की मधल्या पेल्यात?

निओरेगेलिया, एक्मिया, बिलबर्गिया यांच्या पेल्यात, म्हणजे पानांच्या मधोमध तयार होणाऱ्या खळग्यात. कुंडी नुसती ओलसर, कधी कोरडी झाली तरी हरकत नाही. पानांच्या बुडाशी सूक्ष्म खवले असतात, ते पाणी आणि त्यात विरघळलेलं अन्न ओढून घेतात. एक्मियाच्या पानावरची चांदी म्हणजे हेच खवले. आमच्या सासूबाईंनी एका दिवाळीच्या साफसफाईत माझ्या एक्मियाची पानं ओल्या फडक्याने घासून लख्ख हिरवी केली. "किती धूळ बसली होती गं!" पुन्हा काही ती चांदी त्या पानांवर आली नाही. तर ती धूळ नाही, पुसू नका.

याच कुळातल्या क्रिप्टँथस आणि डिकिया यांना पेला नसतो, त्यांना इतर झाडांसारखं कुंडीतच पाणी.

पाणी कुठलं वापरायचं?

इथे इंदूरकरांनी नीट लक्ष द्यावं. बोअरिंगचं पाणी जड आहे. पेल्यातलं पाणी उन्हाने आटतं, क्षार मागे राहतात आणि पानांवर पांढऱ्या कड्या चढतात. वर्षभरात तेच खवले बुजतात आणि झाड तहानेलंच राहतं, पेला भरलेला असूनही. नर्मदेचं नळाचं पाणी त्यापेक्षा बरंच बरं. रात्रभर बादलीत ठेवून सकाळी घातलं की झालं. नर्मदाकाठच्या जलूदहून एवढा घाट चढून ते येतं, त्यातलं दोन लोटे झाडांना दिलं तर कुणी रागावणार नाही.

उत्तम म्हणजे पावसाचं. गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचा एक ड्रम ठेवा, पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्या, मग भरा. माझे दोन ड्रम दिवाळीच्या पुढेही पुरतात.

हुशारीने सुचवली जाणारी तीन पाणी मी वापरत नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी, कारण त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीतलं, त्याच कारणासाठी. आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं. ते दिसायला स्वच्छ असतं, पण तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असू शकतं आणि तांबं या कुळाला विषासारखं आहे. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी तुमच्या पोटाला चांगलं असेल, ब्रोमेलियाडच्या पेल्यात ते नको.

साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होत नाहीत का?

होऊ शकतात, नाही म्हणून उडवून लावण्यासारखी ही गोष्ट नाही. अंड्यापासून डास उडायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून जुलै ते नोव्हेंबर दर चौथ्या दिवशी मी पाइपने जोरात पाणी सोडून प्रत्येक पेला धुऊन काढते. जुनं पाणी उसळून बाहेर, नवं आत. छोटी कुंडी असेल तर सरळ उलटी करायची. साठ कुंड्यांना वीस मिनिटं लागतात. अळ्या तपासायला माणसं येतात तेव्हा मी स्वतः त्यांना बॅटरी देऊन पेले दाखवते, लपवाछपवी नको. फार झाडं असतील तर बीटीआय नावाचं जीवाणूजन्य अळीनाशक मिळतं, झाडाला त्याचा त्रास होत नाही. तेलाचे थेंब मात्र टाकू नका. अळ्या मरतील, पण पानंही गुदमरतील.

जंगलात हेच पेले म्हणजे अख्खी गावं असतात. काही विषारी बेडूक आपली पिल्लं पाठीवर बसवून या पेल्यांत नेऊन सोडतात. जमैकात तर एक खेकडा आहे, तो आपली पोरं ब्रोमेलियाडच्या पाण्यातच वाढवतो, पाणी बिघडू नये म्हणून त्यातला पालापाचोळा काढतो आणि गोगलगायींची शंखं आणून टाकतो. माझ्या गच्चीवर आजवर फक्त मुंग्या आणि एकदा बुलबुलाने टाकलेली पिंपळाची बी निघाली.

बागेतली काळी माती चालेल?

नाही. माळव्याची काळी माती गव्हाला सोनं, ब्रोमेलियाडला चिखल. ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि बूड कुजतं.

नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे सारख्या भागाने घ्या, वर मूठभर जुनं पानखत. देवळाबाहेर नारळ सोलणाऱ्याकडे सोडणं फुकट मिळतात. ती आठवडाभर भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून वापरा, त्यातला खारटपणा जातो. कुंडी लहानच हवी, पाच-सहा इंची. मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठं होत नाही, लवकर कुजतं.

मे महिन्यात काय करू?

जगवा. त्या महिन्यात वाढीची अपेक्षा ठेवू नका.

इंदूरचं तापमान ४२-४३ अंशांवर जातं, वारा कोरडा आणि गच्चीची फरशी रात्री नऊलाही चटका देते. एप्रिल लागला की माझ्या सगळ्या कुंड्या पूर्वेच्या भिंतीलगत जातात. वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी, पश्चिमेला ओलं गोणपाट. कुंड्या विटांवर उचललेल्या, आणि एकमेकींना खेटून, म्हणजे एकीच्या ओलाव्यात दुसरी राहते. दुपारी पेल्यात पाणी घालू नका, उन्हात ते तापतं आणि कोंब शिजतो. ज्या खोलीत कूलर चालतो तिथल्या खिडकीत दमट हवा लागते, नाजूक झाडांना मी तिथे बसवते. नौतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत तर ग्युझमानियाला आमच्यापेक्षा चांगली जागा मिळते, असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

पण माळव्याची एक मोठी सोय आहे आणि ती आपण विसरतो. इथली उन्हाळ्याची रात्र. शब-ए-मालवा म्हणून जिचं कौतुक होतं तीच. दिवस कितीही जळो, उशिरा रात्री हवा गार पडते. अननस, निओरेगेलिया, एक्मिया, बिलबर्गिया ही झाडं दिवसा पानांवरची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्रीच आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून त्यावर अन्न तयार करायचं, अशी त्यांची पद्धत. रात्र थंड असली की हे काम नीट होतं. म्हणून पाणी, फवारा, जे काही द्यायचं ते मी उन्हाळ्यात रात्री आठनंतर देते. बहुतेक ग्युझमानियांना ही युक्ती अवगत नाही. त्या कोलंबिया-इक्वेडोरकडच्या धुक्याच्या डोंगरांतल्या, दिवसा श्वास घेणाऱ्या. त्यांना मे महिन्यातली इंदूरची दुपार कशी सोसणार? आता कळलं ना त्या का रुसतात.

पांढरट, कागदासारखा डाग पडला तर ते उन्हाने भाजलेलं आहे. रोग नाही. ते पान तसंच राहणार.

थंडीत?

उन्हाळ्याच्या मानाने सोपं. डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठवर येतो तेव्हा ग्युझमानिया आणि क्रिप्टँथस घरात घ्या. बाकीच्यांचा पेला अर्धाच ठेवा, खत बंद. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, झाला आणि मागोमाग गारठा आला तर पेल्यातलं गार पाणी ओतून टाका, नाहीतर गाभा कुजतो.

लालभडक निओरेगेलिया आणली होती, हिरवी कशी झाली?

एक तर उजेड कमी, नाहीतर खत जास्त. बहुतेक वेळा दोन्ही. दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत रंग उतरतो आणि पानं लांब, लुळी होतात. तिला ५० टक्के जाळीखालचा भरपूर उजेड किंवा सकाळचं नऊपर्यंतचं ऊन हवं. सावलीतून एकदम उन्हात नेऊ नका, पंधरा दिवस घ्या. खताच्या बाबतीत माझं मत कडक आहे. पेल्यात खत घालायचंच नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पुडीवर लिहिलंय त्याच्या पाव भाग, तेही कुंडीत. नत्र जास्त झालं की लाल रंग पहिला जातो. शेणखताचा गोळा वगैरे तर मुळीच नको.

पिल्लू कधी आणि कसं वेगळं करायचं?

हीच या छंदातली खरी मजा, म्हणून सविस्तर.

आकार आधी बघा. पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश हवं, अर्धं असेल तर उत्तम. त्याचा स्वतःचा पेला तयार झालेला हवा. बोटभर असताना कापलं तर ते महिनोनमहिने तसंच बसून राहतं किंवा सरळ जातं. उलट फार उशीर केला तर पिल्लू मोठं होतं, पण आई पुढचं पिल्लू काढायला आळस करते. वेळेवर काढलं की एका आईकडून तीन-चार मिळतात. पहिल्या वर्षी मला एवढा धीर नव्हता. रोज उचकून बघायची आणि तिसऱ्या महिन्यात चिमुकली पिल्लं तोडली. पाचपैकी एकही जगलं नाही.

वेळ दुसरी. पुस्तकात 'वसंतात करा' असं असतं, ते दुसऱ्या देशांचं पंचांग. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वेगळं केलेलं पिल्लू मुळं धरायच्या आतच उन्हाळी गरम वाऱ्याच्या, लूच्या तडाख्यात सापडतं. मी पहिला दमदार पाऊस होऊन हवा बदलली की, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला, कापायला बसते. माझ्या मते इंदुरात ब्रोमेलियाडचे आपले असे चारच महिने, पाऊस पडायला लागल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत. कापणं, लावणं, बी पेरणं, कुंडी बदलणं, सगळं त्यात उरकायचं. उरलेले आठ महिने जपणूक.

आता कृती. आदल्या दिवशी कुंडीला पाणी देऊ नका. झाड कुंडीतून बाहेर काढा, माध्यम झटका, पिल्लू आईला जिथे चिकटलंय तो दांडा उघडा करा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून, आईच्या अंगालगत कापा, म्हणजे पिल्लाच्या बुडाला दांड्याचा कठीण भाग राहतो. मुळं त्यातूनच फुटतात. हाताने ओढलंत तर पिल्लाची पानं हातात येतात आणि बूड तिथेच राहतं. एक्मियाचा दांडा इतका कडक असतो की मी फांद्या कापायची छोटी करवत घेते, आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालते. कापलेल्या जागी हळद लावायची आमच्याकडे पद्धत आहे. हळदीने किती फरक पडतो देव जाणे, पण जखम दोन दिवस सावलीत वाळू देणं मात्र चुकवू नका.

लावताना खोल गाडू नका. दीड-दोन सेंटिमीटर पुरे. झाड डुलत राहिलं तर मुळं धरत नाहीत, म्हणून बांबूची काडी रोवून सुती दोऱ्याने बांधा. तार नको. कुंडी वळचणीखाली ठेवा, पावसाच्या थेट माऱ्यात नको. पेल्यात घोटभर पाणी, कुंडीत फवारा. पाच-सहा आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. हलत नसेल तर मुळं धरली.

लांब दांडीवर आलेली निओरेगेलियाची पिल्लं कापायची गरजच नसते. दांडी वाकवून शेजारच्या कुंडीवर टेकवा, मुळं फुटली की मग कापा. हरभऱ्याएवढं काळीज असणाऱ्यांसाठी ही पद्धत बरी.

व्रिएसिया हीही याच कुळातली, तिच्या काही जातींना बुडाशी गवतासारखी बारीक पिल्लं येतात. ती हात न लावता वाढू द्या.

सफरचंद ठेवलं की फूल येतं म्हणतात, खरं का?

खरं. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि वयात आलेल्या ब्रोमेलियाडला तो फुलायचा इशारा असतो. अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरांत धूर कोंडला आणि झाडं एकदम फुलली, तिथून हे लोकांच्या ध्यानात आलं. धुरातही इथिलीन असतं.

पेला रिकामा करा, झाडाशेजारी एक चांगलं पिकलेलं सफरचंद किंवा दोन केळी ठेवा, वर प्लास्टिकची मोठी पिशवी घालून बांधा. आठ-दहा दिवस सावलीत. मग काढा आणि विसरा. दीड ते तीन महिन्यांत तुरा दिसतो. झाड पूर्ण वाढलेलं नसेल तर काही होत नाही. उन्हाळ्यात हा प्रयोग केलात तर पिशवीत झाड उकडून निघेल. केळी पिकवायच्या पुड्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि लक्षात असू द्या, फुलवलं म्हणजे त्या झाडाचं घड्याळ सुरू केलं. मी फक्त पिल्लांसाठी खोळंबलेल्या, हट्टी झाडांनाच सफरचंद देते.

बियांपासून करता येतं का?

येतं, पण तीन ते पाच वर्षं धीर धरायची तयारी हवी. निओरेगेलिया, एक्मिया, बिलबर्गियाला छोटी रसाळ फळं धरतात. ती चिरून, बियांवरचा चिकट गर धुऊन, मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओल्या कोकोपीटवर बी नुसती पसरायची. झाकायची नाही, तिला उजेड हवा. बी ताजी हवी, बिलबर्गियाची तर लवकर निकामी होते. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. ग्युझमानिया, व्रिएसिया, टिलँड्सियाच्या बियांना म्हातारीच्या बीसारखे केस असतात. संकरित झाडाची बी पेरलीत तर आईसारखंच रोप येईल याची खात्री नाही. माझ्या एका ट्रेमधल्या चाळीस रोपांपैकी दोन बघण्यासारखी निघाली, बाकी सगळी हिरवी आणि काटेरी. त्या दोघींसाठी मी पुन्हा पेरीन.

अननसाचा शेंडा लावला तर?

जरूर लावा, मुलांसाठी याहून स्वस्त सुरुवात नाही. हिरवा, ताजा शेंडा पिळून काढा, खालची पानं सोलून बोटभर खोड उघडं करा, तीन-चार दिवस सावलीत वाळवा आणि वरच्याच मिश्रणात लावा. गराचा तुकडा चिकटलेला असेल तर कुजतो. याला मात्र ऊन भरपूर आणि कुंडी मोठी, बारा इंची. फळाला दोन-तीन वर्षं लागतात. माझ्याकडे एकदा आलं, मोसंबीएवढं. बाजारातल्यापेक्षा गोड होतं असं सगळे म्हणाले, न म्हणून सांगतात कुणाला!

मातीशिवाय वाढणारी टिलँड्सिया इंदुरात जमते?

पावसाळ्यात छान, थंडीत बरी, मे महिन्यात नोकरीसारखी. उन्हाळ्यात एक दिवसाआड अर्धा तास पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग उलटी करून झटका आणि पंख्याच्या वाऱ्यात वाळवा. गाभ्यात पाणी राहिलं की आतून कुजते आणि हात लावल्यावर पानं सुटी होतात. 'स्पॅनिश मॉस' नावाच्या लोंबत्या दाढीला तर रोज दोनदा भिजवावं लागतं. लाकडावर बांधायला तांब्याची तार वापरू नका, जुना नायलॉनचा मोजा कापून बांधा.

कीड, रोग?

थोडेच. पानांच्या पाठीमागे तपकिरी टिकल्या दिसल्या तर खवले कीड. साबणाच्या पाण्याच्या बोळ्याने पुसा, मग साध्या पाण्याने धुवा. पानांच्या बेचक्यात कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, तोच इलाज. पावसाळ्यात गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या. कडुनिंबाचं तेल उन्हात फवारू नका, टिलँड्सियावर तर कधीच नाही.

सगळ्यात मोठं नुकसान माझं मीच केलं. एका ओल्या ऑगस्टमध्ये गुलाबावर काळे ठिपके आले म्हणून सांगितलेलं निळसर बुरशीनाशक आणलं आणि उरलं ते उदारपणे ब्रोमेलियाडवर मारलं. पंधरा दिवसांत नऊ झाडांचे गाभे तपकिरी. नंतर पुडी वाचली, कॉपर ऑक्सिक्लोराइड. तांबं असलेलं कुठलंही बुरशीनाशक, बोर्डो मिश्रण धरून, या झाडांपासून लांब ठेवा. शेजारच्या कुंडीवर फवारताना उडालेलंही पुरतं.

एवढी महाग झाडं घ्यायची कशाला?

घेऊ नका. फुललेलं मोठं झाड घेण्यापेक्षा न फुललेलं पिल्लू घ्या, पाव किमतीत मिळतं आणि पुढची तीन वर्षं तुमचीच असतात. रोपवाटिकेत गेलात तर फुलाकडे नाही, बुडाकडे बघा. फूल उतरलेलं, कोपऱ्यात टाकलेलं झाड बहुतेक वेळा पडत्या भावात मिळतं आणि त्याच्या बुडाशी दोन पिल्लं असतात. माझी अर्धी गच्ची अशा टाकलेल्या झाडांची आहे. टपालाने मागवायची तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मेमध्ये खोक्यातच उकडतात.

पिल्लं फार झाली. आता काय करू?

जुलैत कापलेली पिल्लं जानेवारीपर्यंत चांगली मुरतात, म्हणून तर वाणाला चालतात. गेल्या संक्रांतीला मी तेवीस दिली, चहाच्या कुल्हडांत, बुडाला भोक पाडून. देताना प्रत्येकीला एकच अट घातली, की पहिलं पिल्लू झालं की ते पुढे कुणाला तरी द्यायचं. परवा लोकमान्य नगरातल्या एका घरी गेले होते. जिन्यात निओरेगेलिया दिसली, पानाच्या टोकाला माझ्याच झाडासारखा गुलाबी ठिपका. कुठून आणली म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, "जाऊबाईंच्या भिशीतल्या एकीने दिली. तुम्हाला हवं असेल तर पिल्लू देते ना." मी घेऊन आले.